साभार पोच

‘‘मटकी बोटचेपी शिजलीय, तर्रीला रंग आहे, तिखटही बेताचं. पण हे सगळे एकमेकांशी बोलत नाहीयेत हो. एका पंगतीला बसलेत, ओळख नाही.’’

हे बापू. रविवारची सकाळ, साडेआठची वेळ, गंगापूर रोडने बरंच पुढे गेल्यावर द्राक्षमळ्याला लागून असलेलं मिसळीचं एक ठिकाण. बापूंनी पापडाचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला, भुवया वर केल्या आणि दुसऱ्या घासाच्या आत निकाल दिला, ‘‘आचारी बदललाय. आधीचा खोबरं काळं व्हायला येईपर्यंत भाजायचा आणि नेमकं तेव्हाच काढायचा. ह्याला घाई आहे.’’ गल्ल्यावरचा मालक ऐकत होता. त्याने आधी मोबाइलमध्ये डोकं घातलं, मग उठून टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘‘काका, आधीचा गावाला गेलाय, पुतणीचं लग्न आहे. पुढच्या रविवारी या.’’ बापूंनी मान डोलावली आणि आणखी रस्सा मागवला.

मी गेली पंचवीस वर्षं वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत पुस्तकांची, आणि पुस्तकं नसतील तेव्हा सिनेमांची, परीक्षणं लिहितो. बापूंच्या त्या चार वाक्यांत जे होतं, ते मला चारशे शब्दांत एकदाही जमलेलं नाही. काय आहे ते सांगितलं, काय नाही ते सांगितलं, आधीच्याशी ताडून पाहिलं, बिघाड कुठल्या पायरीवर झाला तेही दाखवलं. मनात राग नव्हता, आणि ताटात काही उरलंही नव्हतं. शिवाय ज्याच्याविषयी बोलायचं तो चार हातांवर उभा होता.

त्याच संध्याकाळी बापू एका पुस्तक प्रकाशनाला प्रमुख पाहुणे होते. बापू निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे महिन्याला दोन शाली ठरलेल्या. व्यासपीठावर सात जण, पुष्पगुच्छ अकरा. बापू उठले, पुस्तक हातात घेतलं, अंगठा पाठराखणीवर ठेवला आणि म्हणाले, ‘‘प्रस्तुत संग्रहाने मराठी वाङ्मयात मोलाची भर घातली आहे.’’

मी शेजारच्याला विचारलं, ‘‘किती?’’

‘‘एकशे बारा पानं,’’ तो म्हणाला.

घरी जाताना मी बापूंना स्कूटरवर मागे घेतलं आणि विचारलं, ‘‘पुस्तक वाचलंत?’’ बापू अशोकस्तंभ येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हे बघ, मिसळवाला मला पुढच्या रविवारी दिसणार. हा लेखक मला उद्या सकाळी जॉगिंग ट्रॅकवर दिसणार.’’

मराठीत परीक्षण लिहिण्यातली खरी अडचण एवढीच आहे. बाकी सगळं अभ्यासक्रमाचं.

नाहीतर परखडपणा ह्या जिल्ह्याला नवा नाही. लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदा उचलतो, अंगठ्याने दाबतो, पातीकडची बाजू बघतो, आणि बोली सुरू होते. शेतकरी तिथेच उभा असतो. चार महिन्यांचं त्याचं काम, आणि निकाल मिनिटाभरात, तोही चारचौघांत. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, असेल तर गोल्टीच म्हणतात. कांद्याने भाजीपाल्याच्या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे, असं तिथे कुणी म्हणत नाही. (भाव पाडायचा असला की बरा मालही वाईट दिसतो, हे खरं. पण ती खोडसुद्धा समीक्षेत नाही असं कोण म्हणेल?) फरक इतकाच, की कांद्याच्या बाबतीत चिरणारा रडतो, पुस्तकाच्या बाबतीत ज्याचा कांदा तो रडतो.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी भाची. ती कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. बुधवारी रात्री आली, गाडीची किल्ली टीपॉयवर टाकली आणि म्हणाली, ‘‘मामा, परीक्षण कसं लिहितात रे? पाचशे शब्द. शुक्रवारी द्यायचंय.’’

‘‘कुठलं पुस्तक वाचलंस?’’

‘‘वाचायचं नाहीये, लिहायचंय.’’

तिला दोष देण्यात अर्थ नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात ही मुलं कवितेचं रसग्रहण मुद्द्यांवर लिहून आलेली असतात. कवी कोण, विषय काय, संदेश काय, आणि त्यात एक मुद्दा असतो, कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. मी तिला विचारलं, ‘‘तुमच्या वर्गात कुणी कधी ‘न आवडण्याचे’ लिहिलं होतं का?’’ ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी परीक्षेला चड्डीवर जायला सांगितलंय. त्या छापील ‘वा’चा आजवर कुणी उपयोग केला असेल असं मला वाटत नाही. पंधराव्या वर्षी ज्याला आवडलं नाही म्हणायची सवय लागली नाही, तो पन्नासाव्या वर्षी व्यासपीठावर काय म्हणणार?

मग मी तिला परीक्षणाची भाषा शिकवायला घेतली. माझी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे ही भाषा मला घरची. आमच्याकडे वर्षअखेरीला गोपनीय अहवाल लिहीत. ‘कर्मचारी आज्ञाधारक आहे’ असं लिहिलं की समजायचं, डोकं चालत नाही. ‘मार्गदर्शनाखाली चांगले काम करतो’ म्हणजे साहेबाची पाठ वळली की टपरीवर असतो. पुस्तकांचं तसंच आहे. ‘लेखकाचा हा पहिलाच प्रयत्न आहे’ म्हणजे दुसरा करू नये. ‘भाषा प्रवाही आहे’ म्हणजे थांबायचं कुठे हे कळलेलं नाही. ‘संदर्भमूल्य मोठे’ म्हणजे सलग वाचवत नाही. ‘मुखपृष्ठ समर्पक’ म्हणजे आपण दारातूनच परतलो. ‘संग्राह्य’ म्हणजे घ्या आणि ठेवून द्या. आणि ‘मुद्रणदोष टाळले असते तर दुधात साखर पडली असती’ हे वाक्य आलं, की दूध कुठे होतं, असं विचारायचं नसतं.

भाचीने हे सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मी उपरोधाने बोलतोय हे तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. बहुधा आलं असावं. पण उपयोगाचं होतं.

माझ्याकडे पुस्तकं येतात ती वर्तमानपत्राच्या कचेरीतून. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात हा रिवाज. पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ असा निळा शिक्का असतो, तो अर्धा शाईत आणि अर्धा अंदाजात. एक प्रत परीक्षकाकडे जाते, दुसरी कपाटावर चढते आणि दिवाळीच्या साफसफाईला उतरते. येणारी पुस्तकं डोंगराएवढी आणि पुरवणीत जागा ओंजळीएवढी; म्हणून मग पानाच्या तळाला बारीक टायपात एक चौकट असते, ‘साभार पोच’. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं, आपल्याकडचं सर्वांत प्रामाणिक परीक्षण तेच. पुस्तक आलं, असं त्यात म्हटलेलं असतं, आणि ते खरंच आलेलं असतं.

पण लेखकाला साभार पोच म्हणजे श्रद्धांजलीच वाटते. आमच्या सोसायटीत एक कवी राहतात. भले गृहस्थ. वीज वितरणातून निवृत्त झाले आणि विजेविषयी सोडून सगळ्या विषयांवर कविता केल्या. संग्रह छापला, स्वतः आणून दिला, बरोबर पावशेर चिवडा. ‘‘घाई नाही,’’ म्हणाले. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. ‘‘घाई नाही,’’ पुन्हा म्हणाले. नवव्या दिवशी नुसतंच हसले. त्या हसण्याने मी लिहायला बसलो.

संग्रहात सहा कविता खरोखर चांगल्या होत्या. खांबावर चढलेल्या माणसाला गाव कसं दिसतं, ह्यावरची एक तर फारच. ती एकच काय ती विजेवरची, नजरचुकीने आत राहिलेली. बाकीच्या चौऱ्याहत्तर आई, पाऊस, सांजवेळ आणि मातृभूमी यांत वाटल्या होत्या. मी सहाशे शब्द लिहिले. आधी त्या सहांचं मनापासून कौतुक, आणि शेवटच्या दोन परिच्छेदांत, ‘मात्र’पासून पुढे, चौऱ्याहत्तरांचा हिशेब.

रविवारी पुरवणी उघडली. माझ्या मजकुराच्या खाली गृहप्रकल्पाची जाहिरात आली होती, आणि जाहिरातीला जागा हवी म्हणून पुरवणीवाल्यांनी मजकूर खालून कापला होता. वर्तमानपत्रात मजकूर नेहमी खालूनच कापतात; ते सोपं पडतं. ‘मात्र’सकट दोन्ही परिच्छेद गेले होते. उरली होती ती निव्वळ स्तुती. सकाळी साडेसातला कवी पेढे घेऊन दारात. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत.

ह्यातून मी धडा घेतला. दीड वर्षाने त्यांचा दुसरा संग्रह आला. ‘पहिलाच प्रयत्न’ मी तेव्हा लिहिलं नव्हतं, त्याची ही फळं. हा संग्रह पहिल्याहून बराच चांगला होता, हे मात्र देवाशपथ खरं. ह्या वेळी मी शहाणपणा केला. दोष आधी लिहिले, म्हणजे कापले जाणार नाहीत. आणि मोकळ्या मनाने केलेलं कौतुक शेवटी ठेवलं.

जाहिरात ह्या वेळी दागिन्यांची होती. पानाचा पाव भाग.

कवी हल्ली जिन्याने जातात. पाचव्या मजल्यावर.

मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अहो, पण छान झणझणीत झालंय!’’ तेव्हापासून मी परीक्षणात प्रत्येक परिच्छेदात थोडं गोड आणि थोडं तिखट घालतो, म्हणजे कुठूनही कापलं तरी चव तीच. भाचीला मी सांगितलेली ही एकमेव कामाची गोष्ट. तिने ती टिपून घेतली नाही.

मराठीत तिखट लिहिणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि समोर लोकहितवादी आहेत की जोतीराव फुले, कशाचीही पत्रास ठेवली नाही. त्या टीकेत पुस्तकावर किती आणि माणसावर किती, हे आज तोलायला बसलं तर माणसाचं पारडं खाली जातं, असं माझं मत आहे. पण भाषेला धार लावण्याचं दगडी चाक तिथेच फिरायला लागलं. पुढे ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ आला. म्हणजे जयवंत दळवी, पण टोपणनावाच्या आडून. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्याच्या हातात हातोडाच दिला. मोठमोठे लेखक म्हणे महिन्याच्या महिन्याला ‘ललित’ उघडून आधी आपलं नाव नाही ना ते बघत, आणि नसलं की खट्टू होत. दळवींना हे एक साधलं होतं, की ज्याला हातोडा लागे त्यालाही हसू येई. टोपणनावाचा फायदा आमच्यासारख्यांना नाही. नाशकात टोपणनाव घेतलं तर दुसऱ्या दिवशी रिक्षावाला विचारतो, ‘‘काका, ते तुम्हीच ना?’’

१९४२ साल तर आमच्या गावासाठी मोठं गमतीचं. त्या वर्षी नाशकात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते आचार्य अत्रे. म्हणजे ‘झेंडूची फुले’ लिहून अख्ख्या कविमंडळींची टोपी उडवणारा माणूस. विडंबन हीसुद्धा समीक्षाच. फक्त समीक्षक मूळ कवीपेक्षा चांगला कवी असावा लागतो, म्हणून फारसे कुणी त्या वाटेला जात नाहीत. आणि त्याच वर्षी कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ आली. वि. स. खांडेकरांना ह्या तरुण कवीच्या कविता इतक्या आवडल्या, की त्यांनी स्वतःच्या खर्चाने संग्रह काढला आणि वर प्रस्तावना लिहिली. परीक्षकाने पुस्तक आवडलं हे सिद्ध करण्याचा ह्याहून पक्का पुरावा मला माहीत नाही. मी एका प्रकाशनाला हे उदाहरण दिलं. तेव्हापासून दोन प्रकाशक मला चहाला बोलावतात.

पुस्तकाचं एक बरं, वाचायला चार दिवस लागतात, तोवर राग निवतो. सिनेमाचं परीक्षण गरम असतानाच लिहावं लागतं. आणि त्या बाबतीत नाशिक म्हणजे माहेरच. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवून इथे चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांची तारामती म्हणजे अण्णा साळुंके, आधी एका खानावळीत स्वयंपाकी. बायका पडद्यावर यायला तयारच नव्हत्या. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये हेच साळुंके रामही झाले आणि सीताही. आजचा परीक्षक असता तर ‘नायक-नायिकेतला ताळमेळ उत्तम’ असं लिहून मोकळा झाला असता.

पण फाळक्यांनी परीक्षण म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. परगावी एका ठिकाणी लोक येईनात. नाटक रात्रभर चालतं आणि हे दीड तासात आटोपतं, मग पैसे कशाचे द्यायचे, असा त्यांचा रोकडा सवाल. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली म्हणतात: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे! कथा नाही, अभिनय नाही, संदेश नाही. सरळ मापात सांगितलं. लोक आले. आज कुणी मला विचारलं, सिनेमा कसा आहे, तर ‘दोन मैल’ म्हणावंसं वाटणारे सिनेमे मी बरेच पाहिलेत.

आणि कुसुमाग्रजांनीही सिनेमा केला होता, हे भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोबाइलमधून वर बघून ‘‘काय सांगतोस!’’ म्हणाली. नाशकातच गोदावरी नावाच्या कंपनीसाठी त्यांनी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. सिनेमा पडला. त्या पडण्याचे आभार मानावे तितके थोडे. तो चालला असता, तर आपल्याला लक्ष्मण मिळाला असता आणि ‘नटसम्राट’मधला बेलवलकर गेला असता.

आमच्या तरुणपणी विजयानंद, मधुकर, हेमलता, सर्कल ही थिएटरं म्हणजे आमची विद्यापीठं. परीक्षण वाचून सिनेमाला जाणारा माणूस मी तेव्हा पाहिला नाही. बाहेर सहाच्या खेळाची रांग असायची, तिच्या अंगावरून तीनच्या खेळाची माणसं बाहेर पडायची, आणि रांगेतून एकच प्रश्न जायचा, ‘‘कसाय?’’ उत्तर चालता चालता मिळायचं. ‘‘पैसे वसूल.’’ ‘‘गाणी बघ नि निघ.’’ ‘‘मारामारी बरीये.’’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसताच हात हलवणं. त्याच्याही वरचे परीक्षक म्हणजे ब्लॅकवाले. शुक्रवारी ‘पाच का पंधरा’ म्हणणारा रविवारी संध्याकाळी ‘पाच का पाच, घेऊन जा रे बाबा’ म्हणायला लागला, की अग्रलेखाची गरज नसायची.

ते गेले आणि तारे आले. पाचपैकी किती? आणि मराठी परीक्षक, विशेषतः तो सिनेमावाल्यांना ओळखत असेल तर, देतो साडेतीन. तीन दिले तर निर्माता रागावतो, चार दिले तर वाचक हसतो. आपल्या लोकांना साडेतीनाचं प्रेम मुळातच. मुहूर्त साडेतीन, शहाणे साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन; आणि त्यातलं अर्धं पीठ म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली वणीची सप्तशृंगी. पण अर्धं पीठ म्हणून गडाच्या अर्ध्या पायऱ्या चढून परत आलेला भक्त मी पाहिला नाही. सिनेमाचा अर्धा तारा मात्र नेमका मध्यंतराला उठून गेलेल्या माणसाने दिल्यासारखा दिसतो. ‘छायाचित्रण नेत्रसुखद, इतरांची साथ चांगली, एकदा पाहायला हरकत नाही.’ एकदा पाहायला हरकत कुणाची होती?

हल्ली भाचीच्या मैत्रिणी मोबाइलवर तीस सेकंदांत सिनेमाचा निकाल लावतात. ती मला दाखवायला लागली, तेव्हा मी नाक मुरडायच्या तयारीतच होतो. पण त्यातल्या एका मुलीने काय म्हणावं? ‘‘हिरॉईन पूर्ण पिक्चरभर फक्त चहा आणते. मी मोजले. नऊ कप.’’ मला एकदम बापू आठवले. नऊ कप! मी त्याच सिनेमावर चारशे शब्द लिहिले होते, ‘स्त्री-व्यक्तिरेखा काहीशी दुर्लक्षित’. कप मोजायचं मला सुचलं नव्हतं.

लिहिलेल्यांत बापूंच्या तोडीचे परीक्षक मला एकाच ठिकाणी भेटतात, आणि ते म्हणजे जुन्या वाचनालयातल्या पुस्तकांचा समास. ह्या गावाला वाचनालयाची सवय फार जुनी. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. सत्तावनचं बंड व्हायच्या सतरा वर्षं आधी नाशिककर पुस्तक वेळेत परत करत नव्हते. तेव्हापासून जे वाचक झाले, त्यांतले काही पेन्सिलवाले. एका रहस्यकथेच्या अकराव्या पानावर मी पाहिलंय, ‘माळ्यावर लक्ष ठेवा’. एका गाजलेल्या कादंबरीत नायक चार पानं चिंतन करतो, तिथे बाजूला, ‘कामधंदा नाही का?’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या दशकात, ‘सहमत’. एका प्रवासवर्णनात लेखक ज्या ज्या ठिकाणी जेवला, तिथे तिथे कुणीतरी बेरीज करत गेलं होतं; शेवटच्या पानावर एकूण आकडा आणि एकच शब्द, ‘पचलं?’ पुस्तकाच्या मागे डकवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के किती पडलेत, ते बघितलं की मग संमेलनाध्यक्षाचंही मत विचारावं लागत नाही. सार्वजनिक पुस्तकावर लिहिणं अर्थातच चूक आहे. मी जन्मात लिहिलेलं नाही.

तर भाचीने शेवटी माझ्या कपाटातून ‘नटसम्राट’ काढलं, दोन रात्री जागून वाचलं, आणि मी दिलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवून लिहिलं. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळी पुंजी मुलांना वाटली ती पहिल्याच अंकात, तिथेच तिला पुस्तक मिटावंसं वाटलं म्हणे. आपल्या आईने तरी घराचे कागद कुणाच्या हातात दिले नसते, असं तिचं म्हणणं. पुढची स्वगतं अवघड गेली, दोनदा वाचावी लागली. पण शेवटाकडे आजोबा एकट्याने बोलत राहतात तेव्हा कुणीतरी त्यांना आत बोलवून जेवायला वाढावं असं वाटत राहिलं, आणि तिने उठून आजीला फोन केला, रात्री सव्वाबाराला. आजी घाबरली. हे सगळं तिने परीक्षणात लिहिलं. दहापैकी सहा मिळाले. लाल शाईत शेरा, ‘लेखकाच्या इतर साहित्याचा परामर्श नाही. वैयक्तिक उल्लेख टाळावेत.’ तिच्या मैत्रिणीने ‘वाचकाला अंतर्मुख करते’ असं तीनदा लिहिलं. तिला नऊ.

आता शेवटचं, आणि हे सांगायला थोडं जिवावर येतंय. मागच्या वर्षी माझ्याही लेखांचा संग्रह निघाला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पानांवर शेरे मारल्यावर माणसाने हे का करावं, ते विचारू नका. मी आठ वर्तमानपत्रांना दोन-दोन प्रती पाठवल्या, प्रत्येक लिफाफ्यावर ‘अभिप्रायार्थ’ असं ठळक. मग संपादकांना फोन केले आणि म्हणालो, ‘‘घाई नाही.’’ प्रकाशनाला बापू प्रमुख पाहुणे. ते उठले, पाठराखणीवर अंगठा ठेवला, आणि वाङ्मयात मोलाची भर पडली. बोलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तीन आठवड्यांनी एका पुरवणीच्या तळाला बारीक टायपात माझं नाव आलं. पानं १४४, किंमत २०० रुपये. मी ते कात्रण जपून ठेवलंय. किंमत चुकलीय, २२० आहे.

परवा वाचनालयात गेलो. माझं पुस्तक जागेवर होतं, ही काही चांगली खूण नव्हे. मागची चिठ्ठी पाहिली. तीन शिक्के, त्यातला एक माझाच. घरी नेऊन बघितलं होतं, कसं वाटतं ते. तिथेच उभं राहून पानं उलटली. कोरी होती. कोपरे दुमडलेले नाहीत, चहाचा डाग नाही, काही नाही. एकसष्टाव्या पानावर थांबलो. तिथे मी नाशिकच्या मिसळीवर लिहिलंय. ते मळ्यातलं ठिकाण, चुलीचा धूर, भाजलेलं खोबरं, बापूंचा पापड. चांगला उतारा आहे, माझं मला माहीत आहे. त्याच्या बाजूला समासात पेन्सिलीने, घाईघाईत, लिहिलं होतं:

‘पत्ता?’

मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलापाशी एक आजोबा पेपरवर डुलक्या घेत होते. मी खिशातली पेन्सिल काढली, आणि त्या शब्दाखाली बारीक अक्षरात पत्ता लिहिला. कंसात लिहिलं, ‘रविवारी नऊच्या आत. जुना आचारी परत आलाय.’